अंगठी आली कुठून?

मुलांनो, एखाद्या गोष्टीत राजपुत्र तळ्यात हात घालतो आणि जादूची तलवार वर येते. पुढं राक्षस मरतो, राजकन्या सुटते, गोष्ट संपते. सगळे खूश. पण ऐकणाऱ्यांत एखादा असा असतोच, की ज्याचं समाधान होत नाही. तो विचारतो, "पण ती तलवार तळ्यात टाकली कोणी? घडवली कोणी? आणि ज्याची होती, तो शोधायला कसा आला नाही?"

मोठी माणसं म्हणतात, "गोष्ट आहे ती! गोष्टीत असंच असतं." झालं. प्रश्न तिथंच मिटतो.

हा लेख त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या बाजूनं लिहिला आहे. कारण जगभरात असे लाखो वाचक आहेत, ज्यांना जादूच्या वस्तूंची मागची गोष्ट शोधायचा छंद आहे. ही अंगठी आली कुठून? हा अंगरखा पहिल्यांदा कोणी पांघरला? पुस्तकात उत्तर नसेल, तर ते पुस्तकातलेच धागेदोरे जुळवून उत्तर तयार करतात. याला इंग्रजीत 'फॅन थिअरी' म्हणतात. आपण म्हणू, चाहत्यांचा तर्क.

तर्क म्हणजे नुसता अंदाज नव्हे बरं का! "मला वाटतं, ती तलवार परीनं टाकली असेल," हा झाला अंदाज. "तलवारीच्या मुठीवर मोर कोरलेला आहे, आणि पहिल्या प्रकरणात आजोबांच्या वाड्यावर तसाच मोर होता, म्हणून ती तलवार आजोबांची असावी," हा झाला तर्क. फरक कळला? तर्काच्या हातात पुरावा असतो. तो छोटा का असेना, पण असतो.

आता आपण काही खरेखुरे तर्क पाहू. त्यातला एक अचूक ठरला, एक साफ आपटला, आणि एक अजून अधांतरी लटकतो आहे. (एक सूचना : ज्यांनी हॅरी पॉटरची सातही पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांनी त्याचे भाग तूर्त सोडून द्यावेत. रहस्य आधीच कळलं तर मजा जाईल!)

लेखकालाच पडलेला प्रश्न

सुरुवात एका प्राध्यापकांपासून करू. त्यांचं नाव जे. आर. आर. टोल्किन. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात ते जुनी इंग्रजी भाषा शिकवत. २१ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांचं 'द हॉबिट' हे मुलांसाठीचं पुस्तक प्रसिद्ध झालं. बिल्बो नावाचा एक बुटका, घरकोंबडा हॉबिट साहसाला निघतो. डोंगराखालच्या अंधाऱ्या भुयारात त्याचा हात जमिनीवर पडलेल्या एका अंगठीला लागतो. ती तो खिशात टाकतो. पुढं कळतं, की ती बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो.

ही अंगठी असते गॉलम नावाच्या एका विचित्र प्राण्याची. बिल्बो आणि गॉलम कोड्यांची पैज लावतात. आता नीट लक्ष द्या. १९३७ च्या आवृत्तीत गॉलम म्हणतो, की मी हरलो तर तुला एक भेट देईन. ती भेट म्हणजेच अंगठी. तो हरतो, आणायला जातो, पण अंगठी सापडत नाही. बिचारा वरमतो, माफी मागतो आणि भेटीच्या बदल्यात बिल्बोला बाहेरचा रस्ता दाखवतो. म्हणजे तेव्हाचा गॉलम तसा शब्दाला जागणारा होता!

पुस्तक लोकांना आवडलं. प्रकाशकांनी पुढचा भाग मागितला. टोल्किन लिहायला बसले आणि त्यांच्यापुढं तुमचाच प्रश्न उभा राहिला. ही अंगठी आली कुठून?

विचार करता करता त्यांना उत्तर सुचलं, पण ते भलतंच भारी निघालं. ही साधी अंगठी नाही. सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशानं सगळ्यांवर हुकमत गाजवण्यासाठी ती घडवली आहे. जो ती बाळगतो, त्याच्या मनाचा ती ताबा घेते. तिच्या पायी माणूस खोटं बोलतो, चोरी करतो, खूनसुद्धा करतो.

आता आली का पंचाईत? अंगठी अशी मोहात पाडणारी असेल, तर गॉलम ती पैजेत भेट म्हणून द्यायला तयार कसा झाला? आणि १९३७ चं पुस्तक तर लोकांच्या घरी पोचलेलं!

टोल्किन यांनी काय केलं? त्यांनी ते प्रकरण नव्यानं लिहिलं. १९४७ मध्ये त्यांनी प्रकाशकांकडं नमुना पाठवला आणि १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत बदललेलं प्रकरण छापून आलं. आता पैज अशी : बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार, आणि जिंकला तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवणार. अंगठी द्यायचा प्रश्नच नाही. उलट अंगठी हरवल्याचं कळताच गॉलम पिसाळतो.

पण खरी गंमत पुढंच आहे. जुनी आवृत्ती वाचलेल्या लोकांचं काय? त्यांना टोल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) मध्ये उत्तर दिलं. ते उत्तर असं : अंगठी भेट म्हणून मिळाली, ही बिल्बोनं मित्रांना मारलेली थाप होती. अंगठीवर आपला हक्क आहे हे दाखवण्यासाठी तो खोटं बोलला. आणि एरवी प्रामाणिक असलेला बिल्बो खोटं का बोलला? तर अंगठीचा प्रभाव! गॉलमनंही ती अंगठी मित्राचा जीव घेऊन मिळवली होती, आणि तोही तिला आपल्या वाढदिवसाची भेट म्हणायचा. दोघांच्या तोंडी 'भेट' हाच शब्द! गॅन्डाल्फ या जादूगाराच्या मनात इथंच शंकेची पाल चुकचुकते.

म्हणजे पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांतली विसंगती टोल्किन यांनी लपवली नाही, तर तीच गोष्टीतला पुरावा करून टाकली. एका वस्तूचं मूळ शोधलं, म्हणून एवढी मोठी कादंबरी उभी राहिली. "असे प्रश्न विचारायचे नसतात" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

टोल्किन यांचे ऑक्सफर्डमधले मित्र सी. एस. लुइस यांचंही असंच. १९५० च्या त्यांच्या पुस्तकात चार भावंडं कपाटातून नार्निया नावाच्या देशात जातात. तिथं बर्फाळ जंगलात मधोमध दिव्याचा खांब! जंगलात म्युनिसिपालिटीचा खांब कोणी लावला? उत्तरासाठी वाचकांना १९५५ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षीच्या पुस्तकात कळतं, की लंडनमधल्या खांबाचा तोडलेला लोखंडी दांडा नार्नियाच्या ताज्या, नुकत्याच जन्मलेल्या मातीत पडला आणि झाडासारखा उगवला. आणि ते कपाट? नार्नियातल्या सफरचंदाच्या बीपासून वाढलेल्या झाडाच्या लाकडाचं. म्हणून तर त्यातून वाट निघाली.

शेतात सापडलेली अंगठी

गोष्टीतल्या अंगठीचं मूळ कळलं. पण टोल्किन यांना अंगठीची गोष्ट सुचली कशावरून? इथं चाहत्यांचा एक मोठा तर्क आहे.

१७८५ साली इंग्लंडमध्ये सिल्चेस्टर गावाजवळ एका नांगरलेल्या शेतात सोन्याची अंगठी सापडली. रोमन काळातली, चांगली जाडजूड, सुमारे १२ ग्रॅम वजनाची. तिचा घेर इतका मोठा, की साध्या बोटातून ती गळूनच पडेल. तिच्यावर 'सेनिशियानस' हे नाव कोरलेलं आहे.

तिथून सुमारे शंभर किलोमीटर दूर लिडनी इथं नोडेन्स नावाच्या देवाचं पडकं रोमन मंदिर आहे. त्या मंदिरात शिशाचा एक पत्रा सापडला. त्यावर एका माणसानं देवाकडं गाऱ्हाणं मांडलेलं आहे. सिल्व्हियानस हे त्याचं नाव. त्याची तक्रार काय? तर माझी अंगठी हरवली आहे. ती सापडली तर तिच्या किमतीचा अर्धा वाटा देवाला. आणि सेनिशियानस नाव असलेल्यांना, अंगठी मंदिरात परत येईपर्यंत, आरोग्य लाभू देऊ नकोस!

बघा, एका ठिकाणी चोरीची तक्रार आणि दुसऱ्या ठिकाणी संशयिताचं नाव असलेली अंगठी. हरवलेली अंगठी, तिच्यामागं शाप. ऐकल्यासारखं वाटतं की नाही?

आता तर्काची खरी कडी. १९२८-२९ मध्ये लिडनी इथं मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं. हे नाव आपल्यालाही परकं नाही. हेच व्हीलर पुढं १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते आणि हडप्पा इथंही त्यांनी उत्खनन केलं. लिडनीच्या देवाचं 'नोडेन्स' हे नाव कुठून आलं असेल, याचा उलगडा करायला भाषेचा जाणकार हवा होता. ते काम केलं प्राध्यापक टोल्किन यांनी. त्यांचं टिपण १९३२ च्या उत्खनन अहवालात छापलेलं आहे. त्यानंतर पाच वर्षांनी 'द हॉबिट' आलं!

झालं, चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. ती अंगठी 'द व्हाइन' नावाच्या जुन्या हवेलीत ठेवलेली आहे, आणि २०१३ मध्ये तिथं या विषयावरचं खास प्रदर्शनही मांडण्यात आलं.

पण थांबा. टाळ्या वाजवण्याआधी आपण हिशेब करू. पक्कं काय आहे? अंगठी आहे, पत्रा आहे, टोल्किन यांचं टिपण आहे. पक्कं काय नाही? त्या अंगठीवरून मला गोष्ट सुचली, असं टोल्किन यांनी कुठंही लिहून ठेवलेलं नाही. अंगठीवरचा सेनिशियानस आणि पत्र्यावरचा सेनिशियानस एकच, हेसुद्धा खात्रीनं सांगता येत नाही. आपल्याकडं एका गावात चार दत्ता आणि सहा संतोष नसतात का? शिवाय युरोपातल्या जुन्या कथांमध्ये शापित अंगठ्या भरपूर आहेत. आणि अंगठी फिरवली की अदृश्य होणारा गायजेस नावाचा मेंढपाळ तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो यानं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे.

म्हणून हा तर्क 'शक्य आहे' या पेटीत ठेवायचा. 'सिद्ध झालं' या पेटीत नाही. तो कमी सुंदर होतो का? मुळीच नाही. फक्त योग्य पेटीत जातो.

आर. ए. बी. म्हणजे कोण?

आता अचूक ठरलेला तर्क. १६ जुलै २००५ रोजी जे. के. रोलिंग यांचं हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक आलं. त्याच्या शेवटी हॅरीच्या हाती एक लॉकेट लागतं, पण ते असतं नकली. आत चिठ्ठी असते, की खरं लॉकेट मी आधीच पळवलं आहे. खाली सही फक्त तीन अक्षरांची : आर. ए. बी. पुस्तक संपलं! पुढचं पुस्तक यायला दोन वर्षं होती.

वाचक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आधीची पुस्तकं पुन्हा काढली. पाचव्या पुस्तकात सिरियस ब्लॅकचा मेलेला भाऊ होता, रेग्युलस ब्लॅक. म्हणजे आर आणि बी जुळले. तो दुष्ट व्होल्डेमॉर्टच्या टोळीत शिरला होता आणि नंतर मारला गेला होता. म्हणजे त्याला आतली माहिती असू शकते. एवढंच नाही. त्याच पाचव्या पुस्तकात ब्लॅक घराण्याच्या वाड्याची साफसफाई चालू असताना एक जड लॉकेट निघतं, जे कोणालाच उघडता येत नाही. एका वाक्यात त्याचा उल्लेख येतो आणि जातो. पण शितावरून भाताची परीक्षा करणारे वाचक तिथंच थबकले.

मग आला सगळ्यात भन्नाट पुरावा, आणि तो आला अनुवादकांकडून! डच भाषेतल्या पुस्तकांत 'ब्लॅक' हे आडनाव बदलून 'झ्वार्ट्स' केलेलं होतं. डच भाषेत 'झ्वार्ट' म्हणजे काळा. तर सहाव्या पुस्तकाच्या डच अनुवादात चिठ्ठीवर सही होती आर. ए. झेड.! नॉर्वेच्या भाषेत आडनाव 'स्वार्ट', तिथं सही आर. ए. एस. फिनलंडच्या भाषेत आडनाव 'मुस्ता', तिथं सही आर. ए. एम. शेवटचं अक्षर प्रत्येक भाषेत नेमकं ब्लॅक घराण्याच्या आडनावाप्रमाणं बदललं होतं. म्हणजे आडनाव ब्लॅकच!

२१ जुलै २००७ रोजी सातवं पुस्तक आलं आणि तर्कावर शिक्कामोर्तब झालं. रेग्युलस आर्क्टुरस ब्लॅक. ते जड लॉकेटही तेच निघालं.

यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? या मुलांनी कोणाचं ऐकून विश्वास ठेवला नाही. त्यांनी एकमेकांपासून वेगळे असे तीन पुरावे गोळा केले : नावाची अक्षरं, न उघडणारं लॉकेट आणि परभाषेतले अनुवाद. तिन्हींचं बोट एकाच माणसाकडं होतं. पोलीस तपासात असंच करतात. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत असंच करतात.

आपटलेला तर्क

आता दुसरी बाजू. पाचव्याच पुस्तकात मार्क इव्हान्स नावाच्या दहा वर्षांच्या मुलाचा ओझरता उल्लेख आहे. हॅरीच्या आईचं माहेरचं आडनाव इव्हान्स. मग काय! वाचकांनी त्या पोराला हॅरीचा नातेवाईक ठरवलं, पुढच्या पुस्तकाचा नायकही करून टाकलं. शेवटी २००४ मध्ये रोलिंग यांनी सांगितलं, की तो कोणीही नाही. इव्हान्स हे तिकडं सर्रास आढळणारं आडनाव आहे, एवढंच.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ती ही अशी. इथं पुरावा एकच होता आणि तोही आडनावाचा. दुसरा जोडीला नव्हता. सेनिशियानसची आठवण झाली ना?

परीस आणि एक खराखुरा माणूस

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. आपला परीस लोखंडाचं सोनं करतो. संत नामदेवांनी परिसा भागवताचा परीस चंद्रभागेत टाकला, ही कथा तुम्ही घरी ऐकली असेल. पुस्तकातला दगड मात्र सोनं तर करतोच, शिवाय त्याच्यापासून माणसाला अमर करणारं पेयही मिळतं. हा दगड कोणी बनवला? पुस्तक म्हणतं, निकोलस फ्लामेल यानं.

आणि निकोलस फ्लामेल हा खरा माणूस होता! साधारण १३३० मध्ये जन्मलेला, १४१८ मध्ये वारलेला, फ्रान्सच्या पॅरिस शहरात राहणारा. धंदा काय? हातानं पोथ्या नकलून देणं आणि विकणं. बायकोचं नाव पेरेनेल. दोघांनी देवळांना आणि गोरगरिबांना भरपूर दानधर्म केला. त्यांनी १४०७ मध्ये बांधलेलं घर पॅरिसमध्ये आजही उभं आहे. फ्लामेलच्या थडग्याचा दगडही तिथल्या संग्रहालयात जपलेला आहे.

मग किमया करणारा, सोनं बनवणारा फ्लामेल आला कुठून? १६१२ मध्ये, म्हणजे तो वारल्यावर १९४ वर्षांनी, पॅरिसमध्ये त्याच्या नावावर एक पुस्तक छापलं गेलं. त्यात त्यानं परीस कसा मिळवला, याची हकीगत होती. लोकांना वाटलं, तरीच! एवढा दानधर्म करायला पैसा आणला कुठून? सोनं बनवत असणार! खरं म्हणजे फ्लामेलचा धंदा चांगला चाले, आणि पेरेनेलकडं आधीच्या लग्नांमधून आलेली मालमत्ता होती. पण साधं उत्तर कोणाला हवं असतं? पोथ्या लिहिणारा एक दानशूर माणूस मेल्यानंतर जादूगार झाला.

चाहत्यांनी इथंही गणित मांडलं. तुम्हीही करा. दुसऱ्या पुस्तकात एक भूत आपल्या मृत्यूचा ५०० वा वाढदिवस साजरा करतं, आणि केकवर मृत्यूची तारीख असते ३१ ऑक्टोबर १४९२. म्हणजे दुसरं पुस्तक १९९२ मध्ये घडतं आणि पहिलं १९९१-९२ मध्ये. पहिल्या पुस्तकात हर्मायनी वाचून दाखवते, की फ्लामेलनं गेल्या वर्षी ६६५ वा वाढदिवस साजरा केला. १९९१ वजा ६६५, उत्तर १३२६. इतिहासातल्या १३३० च्या किती जवळ!

पण वर्गातला एखादा चौकस मुलगा हात वर करेलच. "हर्मायनी वाचते तो ग्रंथ तर जुना होता! मग त्यातलं 'गेल्या वर्षी' म्हणजे कोणतं वर्ष?" शाबास! गणित बरोबर आहे, पण पहिला आकडाच डळमळीत आहे. ही खोट हुडकणारं पोर मला गणित मांडणाऱ्याइतकंच हुशार वाटतं.

सुंदर, पण सिद्ध न होणारा

शेवटचा तर्क. सातव्या पुस्तकात तीन वस्तूंची कथा आहे. तीन भावांना मृत्यू भेटतो आणि प्रत्येकाला हवी ती भेट देतो. थोरला अजिंक्य कांडी मागतो आणि तिच्यापायीच मारला जातो. मधला मेलेल्यांना परत आणणारा खडा मागतो आणि गेलेल्या प्रेयसीसाठी झुरून जीव देतो. धाकटा अदृश्य करणारा अंगरखा मागतो. मृत्यूला तो सापडत नाही. म्हातारा झाल्यावर अंगरखा मुलाला देतो आणि मित्राला भेटावं तसा मृत्यूला भेटतो.

चाहत्यांनी तर्क मांडला : थोरला म्हणजे सत्तेचा लोभी व्होल्डेमॉर्ट, मधला म्हणजे प्रेमात झुरणारा स्नेप, धाकटा म्हणजे मरणाला न भिणारा हॅरी. मग मृत्यू कोण? मुख्याध्यापक डंबलडोर! कारण अंगरखा हॅरीला त्यांनीच दिला, खडाही त्यांनीच ठेवला, कांडीही त्यांच्याकडं होती, आणि हॅरी मरणाच्या दारात जातो तेव्हा तिथं भेटतात तेही डंबलडोरच.

२०१५ मध्ये रोलिंग यांना आवडता तर्क विचारला गेला, तेव्हा त्यांनी याचंच नाव घेतलं. सुंदर आहे आणि जुळतोही, असं त्या म्हणाल्या. पण 'माझ्या मनात हेच होतं' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. हा फरक लक्षात ठेवा.

आणि गंमत म्हणजे, या वस्तूंच्या उगमाबद्दल पुस्तकातच डंबलडोरही आपला तर्क सांगतात. त्यांना वाटतं, की मृत्यूनं भेटी वगैरे दिल्या नसाव्यात. ते तीन भाऊ हुशार आणि धोकादायक जादूगार असतील, वस्तू त्यांनीच बनवल्या असतील, आणि मृत्यूची दंतकथा नंतर तयार झाली असेल. फ्लामेलच्या बाबतीत झालं, तसंच नाही का हे? आधी माणसाचं काम, मग त्याभोवती दंतकथा.

तर्काच्या चार कसोट्या

तुम्हीही तर्क करणार असाल, तर एवढं जरूर तपासा.

१. पुरावा पुस्तकात आहे का? पान दाखवता आलं पाहिजे.

२. पुरावे किती? एक असेल तर योगायोग असू शकतो. दोन-तीन असतील आणि वेगवेगळ्या ठिकाणचे असतील, तर तर्काला बळ येतं.

३. उलटा पुरावा शोधलात का? आपल्या तर्काच्या विरुद्ध जाणारी गोष्ट स्वतःच हुडकून काढायची. ती लपवायची नाही. हे सगळ्यात अवघड, कारण आपला तर्क आपल्याला लाडका असतो.

४. पेटी कोणती? 'सिद्ध', 'शक्य' आणि 'नुसतं छान', या तीन पेट्या. तर्क खालच्या पेटीत गेला म्हणून रुसायचं नाही.

या कसोट्या फक्त जादूच्या अंगठ्यांसाठी नाहीत. अमक्या विहिरीत भूत आहे, तमक्या बाबाच्या भस्मानं ताप उतरतो, या औषधानं एका रात्रीत उंची वाढते, हे आपण ऐकतोच. आता तर फोनवरही दिवसभर असलं काहीबाही येत असतं. "सगळे म्हणतात" हा पुरावा नव्हे. पोथ्या लिहिणारा फ्लामेल 'सगळे म्हणाले' म्हणूनच किमयागार झाला. गोष्टीत चूक झाली तर कोणाचं नुकसान होत नाही, म्हणून तर्काचा सराव करायला गोष्टीसारखी जागा नाही. खऱ्या आयुष्यात तो सराव उपयोगी पडतो.

करून पाहा

तुमच्या आवडत्या गोष्टीतली एक वस्तू निवडा. अल्लाउद्दिनचा दिवा घ्या, उडता गालिचा घ्या, नाहीतर आजीनं सांगितलेल्या गोष्टीतली कुठलीही वस्तू घ्या. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : 'गोष्टीत काय लिहिलंय', 'त्यावरून मला काय वाटतं' आणि 'माझ्या विरुद्ध काय जातं'. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर गोष्ट पुन्हा वाचा. मग वही मित्राला द्या आणि तर्क खोडून काढायला सांगा. मित्र जिंकला तर त्याला एक पेरू.

आणि आई-बाबांसाठी

मुलगा एकच पुस्तक चौथ्यांदा वाचतोय म्हणून ओरडू नका. कदाचित तो न उघडणारं लॉकेट शोधत असेल. त्यानं विचारलं, "तलवार तळ्यात कोणी टाकली?", तर "मला काय माहीत" म्हणून विषय संपवू नका. "तुला काय वाटतं?" असं विचारा. तो उत्तर देईल. मग लगेच दुसरा प्रश्न विचारा, "कशावरून?"

हा 'कशावरून' घरात रुजला, की पुढचं काम मुलं आपणहून करतात.